रोव्हरच्या भिंगातून दगड कसा वाचायचा: आधी अंतर, मग कण, नाव सगळ्यात शेवटी

मंगळावरच्या रोव्हरने अगदी जवळून काढलेला फोटो उघडला की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "हा दगड कुठला?" आणि तिथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. पहिला प्रश्न असा हवा की हा फोटो रुंदीला किती आहे, १६ सेंटीमीटर की अडीच सेंटीमीटर? कारण त्या फोटोत ना माणूस असतो, ना हातोडा, ना झाडाचं पान, म्हणजे डोळ्याला आकाराचा अंदाज द्यायला काहीच नसतं आणि मग डोळा आपल्या मनाने अंदाज ठोकतो. माझंच सांगतो, सुरुवातीला क्युरिऑसिटी रोव्हरच्या एका फोटोत मस्त गोल गोल खडे दिसले, मी दोन दिवस ते नदीतले गोटे म्हणून धरून चाललो होतो, नंतर कॅमेरा दगडापासून किती अंतरावर होता ते बघितलं तेव्हा कळलं की ते गोटे नव्हतेच, जेमतेम अर्ध्या मिलीमीटरचे वाळूचे कण होते. गोटे असते तर पाण्याच्या प्रवाहाची गोष्ट सांगता आली असती, वाळू म्हटल्यावर वाराही आला आणि सगळी गोष्टच बदलली. तेव्हापासून मी अंतर बघितल्याशिवाय फोटोवर एक शब्द बोलत नाही, आणि तुम्हालाही तीच सवय लावा असं सांगणार आहे.

हे कॅमेरे मुळात कशासाठी असतात ते आधी डोक्यात बसू द्या. फील्डवर जाणारा भूशास्त्रज्ञ गळ्यात दोरीला दहापट मोठं दाखवणारं भिंग अडकवून फिरतो, दगड फोडतो, ताजी बाजू उजेडात धरतो आणि भिंग डोळ्याला लावून बघतो की कण केवढे आहेत, गोल आहेत की टोकदार, एकमेकांत घट्ट गुंतलेत की मधे काहीतरी भरून चिकटवलेत. रोव्हरच्या हाताच्या टोकाला जो कॅमेरा असतो तो म्हणजे हेच भिंग. क्युरिऑसिटीवरच्या अशा कॅमेऱ्याचं, माहलीचं, तर पूर्ण नावच मार्स हँड लेन्स इमेजर आहे. त्यामुळे या फोटोंकडून जी अपेक्षा ठेवायची तीही भिंगाचीच ठेवायची, म्हणजे कणांचा आकार, ठेवण, थर, भेगा, शिरा. कुठलं खनिज आहे हे भिंग थेट सांगत नाही, फार तर सुचवतं.

तसं जवळून फोटो काढायचं काम चंद्रापासूनच सुरू झालंय. अपोलो ११, १२ आणि १४ च्या अंतराळवीरांनी काठीसारख्या हँडलचा एक स्टीरिओ क्लोजअप कॅमेरा नेला होता, तो जमिनीवर टेकवायचा आणि खटका दाबायचा. मंगळावर खरी सुरुवात २००४ मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या रोव्हरच्या मायक्रोस्कोपिक इमेजर या कॅमेऱ्याने झाली. त्याचा फोटो १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलचा, कृष्णधवल, आणि त्याचा फोकस पक्का बांधलेला. दगडापासून साधारण ६३ मिलीमीटरवर आलात तरच चित्र स्पष्ट, त्याच्या पुढे-मागे ३ मिलीमीटर एवढीच सवलत. एक पिक्सेल म्हणजे दगडावरचे सुमारे ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) आणि अख्खा फोटो म्हणजे ३१ मिलीमीटरचा चौकोन. हा एक आकडा पाठ करून ठेवा, कारण फोकस हलतच नसल्यामुळे त्या दोन रोव्हरचा कुठलाही मायक्रोस्कोपिक इमेजरचा फोटो उघडला तरी रुंदी जवळपास तेवढीच, हिशोबच करावा लागत नाही. नवशिक्याने याच फोटोंपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. रंग नाहीत म्हणून लोक नाक मुरडतात, पण रंग नसल्यामुळेच नजर आकारावर टिकते.

क्युरिऑसिटीचा माहली २०१२ मध्ये मंगळावर उतरला आणि इथे प्रकरण बदललं. रंगीत, १६०० गुणिले १२०० पिक्सेल, आणि फोकस २.१ सेंटीमीटरपासून थेट क्षितिजापर्यंत हलवता येतो, म्हणून तर त्याच कॅमेऱ्याने रोव्हरच्या त्या प्रसिद्ध सेल्फी काढल्या जातात, हात फिरवून फिरवून पन्नासेक फोटो घ्यायचे आणि जोडायचे. पर्सिव्हरन्स रोव्हरवरचा वॉटसन कॅमेरा हा जवळपास माहलीचाच जुळा भाऊ, शरलॉक नावाच्या उपकरणासोबत बसवलेला. फोकस हलतो ही सोय छान, पण फोटो वाचणाऱ्याची जबाबदारी तिथेच वाढते, कारण आता प्रत्येक फोटोची रुंदी वेगळी.

तर माहलीच्या फोटोची रुंदी कशी काढायची. क्युरिऑसिटीचे कच्चे फोटो नासा सगळ्यांसाठी खुले ठेवतं, तिथे फाइलच्या नावाची सुरुवात बघा, पहिले चार आकडे म्हणजे सोल, म्हणजे उतरल्यापासूनचा मंगळावरचा कितवा दिवस, आणि त्याच्या पुढे एमएच ही दोन अक्षरं असली की तो माहलीचा. त्याच सोलचे त्याच जागेचे सगळे एमएच फोटो एकत्र ओळीने लावा. टीमची पद्धत साधारण ठरलेली असते, आधी २५ सेंटीमीटरवरून, मग ५ सेंटीमीटरवरून, आणि दगड चांगला असेल, हात सुरक्षितपणे जाऊ शकत असेल तर १-२ सेंटीमीटरवरून. प्लॅनमध्ये लिहिलेलं हे अंतर लेन्सपासून मोजत नाहीत, लेन्स त्याच्याही सुमारे २ सेंटीमीटर मागे असते, पण हिशोब सोपा आहे: २५ च्या फोटोत एक पिक्सेल म्हणजे सुमारे १०० मायक्रॉन आणि रुंदी १६ सेंटीमीटर, ५ च्या फोटोत पिक्सेल ३१ मायक्रॉनचा आणि रुंदी ५ सेंटीमीटर, १ च्या फोटोत पिक्सेल सुमारे १७ मायक्रॉनचा आणि रुंदी पावणेतीन सेंटीमीटर. आणखी आत गेलं तर हद्द १४ मायक्रॉनची, तिथे अख्खा फोटो फक्त २२ मिलीमीटरचा उरतो. आता तिन्ही फोटोंत एकच खूण शोधा, एखादी भेग, एखादा पांढरा ठिपका, आणि मोठ्या फोटोतून छोट्या फोटोत बोट ठेवत उतरा. हे केलं की कुठला फोटो किती जवळचा ते आपोआप कळतं, आणि दगडाची ती जागा ओळखीची होऊन जाते. घाई करू नका इथे, मी अजूनही एका जागेला वीस मिनिटं तरी देतो.

खूणच नसेल तर रोव्हरने स्वतः केलेल्या खुणा कामी येतात. क्युरिऑसिटीने ड्रिल केलेलं भोक १६ मिलीमीटर व्यासाचं असतं. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी दगड घासून जी गोल चकती करायचे ती ४५ मिलीमीटरची, पर्सिव्हरन्सची सुमारे ५ सेंटीमीटरची. फोटोत यातलं काही दिसलं की तीच तुमची फूटपट्टी. माहलीचे रंग आणि फोकस तपासायला रोव्हरवर लावलेल्या कॅलिब्रेशन पट्टीवर तर १९०९ सालचं एक अमेरिकन सेंटचं नाणं बसवलंय, १९ मिलीमीटरचं, कारण फील्डवर फोटो काढताना भूशास्त्रज्ञ दगडाशेजारी नाणं ठेवतात तीच प्रथा. त्या नाण्याचे सुरुवातीचे फोटो आणि वर्षभरानंतरचे फोटो शेजारी ठेवून बघा, धूळ किती बसते ते एका नजरेत कळतं.

रुंदी कळली, आता पुढचा हिशोब म्हणजे सगळ्यात लहान किती दिसू शकतं. एक पिक्सेल म्हणजे एक कण असं समजू नका. कण आहे असं म्हणायला निदान दोन-तीन पिक्सेल तरी त्याच्या अंगावर पडायला हवेत, आणि तो गोल की टोकदार हे सांगायचं असेल तर मी दहाच्या खाली जात नाही. म्हणजे मायक्रोस्कोपिक इमेजरमध्ये १०० मायक्रॉनच्या खालचं काही बोलू नये, माहलीच्या सर्वात जवळच्या फोटोत ४०-५० मायक्रॉनपर्यंत उतरता येतं. भूशास्त्रात वाळू म्हणजे ६२ मायक्रॉन ते २ मिलीमीटर, त्याखाली ४ मायक्रॉनपर्यंत सिल्ट, त्याहून बारीक ती चिकणमाती, आणि २ मिलीमीटरच्या वर बारीक खडी, मग गोटे. हे आकडे समोर ठेवले की कळतं या कॅमेऱ्यांची खरी कमाई कुठे आहे: ते वाळू आणि चिखल यांच्यामधली रेघ ओढू शकतात. आणि ही रेघ सगळ्यात महत्त्वाची, कारण वाळू बसायला वाहतं पाणी किंवा वारा चालतो, पण चिखल बसायला बहुतेक वेळा शांत, साचलेलं पाणी लागतं.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे क्युरिऑसिटी फिरतो त्या गेल विवरातली यलोनाइफ बे ही जागा. तिथला शीपबेड नावाचा खडक माहलीने जवळून बघितला आणि त्यात बहुतांश ठिकाणी कण दिसलेच नाहीत. नवखा माणूस म्हणेल फोटो फसला. पण फोकस नीट होता, शेजारच्या पांढऱ्या शिरांच्या कडा धारदार दिसत होत्या, म्हणजे कॅमेरा ठीक, कणच कॅमेऱ्याच्या हद्दीखाली. म्हणजे मडस्टोन, चिखलाचा घट्ट झालेला खडक, म्हणजे कधीकाळी तिथे तळं. "काही दिसत नाही" हेसुद्धा निरीक्षण असतं, फक्त ते लिहिताना हद्दीचा आकडा सोबत लिहायचा, "इतक्या मायक्रॉनपर्यंत कण नाहीत" असा. नुसतं "कण नाहीत" लिहू नका.

आता उजेड. यात सगळ्यात जास्त फसगत होते म्हणून जरा थांबून सांगतो. मायक्रोस्कोपिक इमेजरला स्वतःचा दिवा नव्हता, सूर्य असेल तसा. त्यामुळे कधी अख्खी जागा उन्हात, कधी अख्खी उपकरणाच्या सावलीत, आणि कधी अर्धी-अर्धी, हे तिसरं सर्वात वाईट, एकीकडे पांढरं फटक आणि दुसरीकडे काळं. सावलीतल्या फोटोत उंच-सखलपणा कळत नाही पण रंगछटांचे फरक छान दिसतात, तिरप्या उन्हातल्या फोटोत उलट, प्रत्येक कणाला सावली, प्रत्येक थराची कड उठून येते. म्हणून एकाच जागेचे दोन वेळचे फोटो मिळाले तर दोन्ही बघायचे. माहलीला चार पांढरे एलईडी आहेत, दोन-दोनच्या जोड्यांत, एकच बाजू लावता येते, शिवाय दोन अतिनील एलईडी. जानेवारी २०१३ मध्ये सायुनेई नावाच्या दगडावर पहिल्यांदा रात्री हे दिवे लावून फोटो घेतले. रात्रीच्या पांढऱ्या एलईडीच्या फोटोचा मोठा फायदा असा की मंगळाचं धुळकट आकाश दिवसा सगळ्याच गोष्टींवर तांबूस-पिवळी छटा चढवतं ती रात्री नसते, रंग जास्त विश्वासाचे. ड्रिलच्या भोकाच्या आत काय आहे हेही रात्री दिवा लावूनच नीट दिसतं, दिवसा आत काळोख असतो.

आणि खड्डा की उंचवटा हा गोंधळ सगळ्यांचाच होतो. आपल्या डोळ्याला उजेड वरून यायची सवय आहे, फोटोत तो खालून आला की खड्डे फुगवट्यासारखे दिसायला लागतात. यावर उपाय एकच, फोटोत अशी एक वस्तू शोधा जिचा आकार आधीच माहीत आहे, ड्रिलचं भोक, सुटा पडलेला खडा, आणि तिची सावली कुठल्या बाजूला पडलीय ते बघा. मग फोटो असा फिरवा की उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येईल. हे न करता कुणी गोल ठिपक्यांवर मत दिलं तर मी ते मत बाजूला ठेवतो.

पृष्ठभाग कसा आहे हेही विचारायचं, नुसता दगड दिसतोय असं धरून चालायचं नाही. मंगळावर जवळपास प्रत्येक गोष्टीवर धुळीचा थर असतो, आणि धुळीचा एक कण जेमतेम काही मायक्रॉनचा, यातला कुठलाच कॅमेरा तो एकटा दाखवू शकत नाही. फोटोत जे मऊ, कापसासारखे, कडा पुसट असलेले गोळे दिसतात ते धुळीचे चिकटून झालेले गोळे असतात, त्यांना वाळूचे कण समजू नका. म्हणून आधी बघा की जागा झाडलेली आहे का. क्युरिऑसिटीकडे तारांचा फिरता ब्रश आहे, तो पहिल्यांदा जानेवारी २०१३ मध्ये एकवीर_१ नावाच्या जागेवर चालवला. पर्सिव्हरन्सकडे ब्रश नाही, तो दगड घासतो आणि नायट्रोजनचे फवारे मारून भुकटी उडवतो. तीन पायऱ्या लक्षात ठेवा, जसा आहे तसा, झाडलेला, आणि घासलेला किंवा ड्रिल केलेला. पहिल्या पायरीचा फोटो वारा आणि धुळीबद्दल सांगतो, दगडाबद्दल कमी. जॉन क्लाइन या जागेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये ड्रिल केलं तेव्हा बाहेरून तांबडा दिसणारा खडक आतून करडा निघाला, भुकटी अक्षरशः सिमेंटसारखी राखाडी. गंजाचा रंग फक्त कातडीवर होता. त्यामुळे बाहेरच्या रंगावरून आतल्याबद्दल बोलायचं असेल तर ड्रिलचा फोटो येईपर्यंत थांबा.

फोकसबद्दल थोडक्यात. माहलीच्या अगदी जवळच्या एका फोटोत एखाद-दोन मिलीमीटर खोलीच स्पष्ट येते, पुढचं-मागचं धूसर. म्हणून वेगवेगळ्या फोकसचे फोटो घेऊन त्यातला प्रत्येक स्पष्ट भाग उचलून एक फोटो बनवतात, माहली हे तिथल्या तिथे आठ फोटोंपर्यंत करू शकतो आणि सोबत उंचीचा करड्या छटांचा नकाशाही देतो. कच्च्या फोटोंत मधेच एखादा विचित्र, सपाट करडा, भुतासारखा फोटो दिसला तर तो बिघाड नव्हे, तो हाच नकाशा. जोडलेल्या फोटोत उंच खड्याच्या कडेला कधी दुहेरी रेघ किंवा वलय दिसतं, ते जोडकामाचं, खनिजाची कड समजू नका. शंका आली की जोडण्याआधीचा सुटा फोटो शोधून बघायचा. कधी कधी हात थोडा बाजूला सरकवून दुसरा फोटो घेतलेला असतो, ती स्टीरिओ जोडी, लाल-निळ्या चष्म्याने बघितली तर खड्डा-उंचवट्याचा वाद जागच्या जागी मिटतो.

आता खरं वाचन, आणि यासाठी मी नेहमी गोल दाण्यांचंच उदाहरण घेतो कारण एकाच आकाराच्या गोष्टी किती वेगळ्या असू शकतात ते त्यात कळतं. २००४ मध्ये ऑपॉर्च्युनिटी ईगल विवरात उतरला आणि जमिनीवर, खडकात सगळीकडे काही मिलीमीटरचे गोल दाणे, टीमने त्यांना ब्लूबेरी म्हटलं. गोल दाणा बनायचे रस्ते बरेच आहेत: ज्वालामुखीतून उडालेला थेंब, उल्का आपटून वितळलेला थेंब, पाण्यात गडगडून गोल झालेला खडा, किंवा खडकाच्या आतच भूजलातून खनिज साचत साचत वाढलेली गाठ. आता भिंग हातात घेऊन काय बघायचं? एक, दाणे कुठल्या एका थरात गोळा झालेत की सगळ्या खडकात विखुरलेत. आकाशातून पडले असते तर पडले त्या काळाच्या थरात गर्दी हवी होती, तशी नव्हती, ते खडकभर सारखे पसरलेले. दोन, खडकाचे बारीक थर दाण्यापाशी येऊन काय करतात. वरून पडलेल्या खड्याखाली थर दबतो, आणि नंतरचे थर त्याच्यावरून चढून जातात, पण इथे थर दाण्यातून जणू सरळ पार जात होते, म्हणजे थर आधी, दाणा नंतर. तीन, दोन-तीन दाणे एकमेकांना चिकटून एका ओळीत वाढलेले दिसतात का. दिसले. या तिन्ही गोष्टी मिळून गाठीकडे बोट दाखवतात, म्हणजे खडकातून पाणी झिरपत होतं. शेजारी त्याच खडकात चपट्या पोकळ्याही होत्या, जिथे पूर्वी स्फटिक होते आणि नंतर विरघळून गेले, तेही पाण्याचंच काम. हे सगळं ३१ मिलीमीटरच्या कृष्णधवल चौकोनातून. पण दाणे हेमेटाइटचे, म्हणजे लोहाच्या एका खनिजाचे, आहेत हे फोटोने सांगितलं नाही हं, ते खनिज ओळखणाऱ्या स्पेक्ट्रोमीटर या उपकरणाने सांगितलं.

आणि हा फरक का धरून ठेवायचा ते पुढे आठ वर्षांनी दिसलं. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याच ऑपॉर्च्युनिटीला एंडेव्हर विवराच्या कडेवर कर्कवुड नावाच्या खडकात तीनेक मिलीमीटरपर्यंतच्या गोल दाण्यांची दाटी सापडली. दिसायला ब्लूबेरीच. पण तपासलं तर तेवढं लोह त्यात नव्हतंच, आणि जवळून बघितल्यावर झिजलेल्या दाण्यांत बाहेर कडक कवच आणि आत मऊ गाभा अशी रचना दिसत होती. आणि मार्च २०२५ मध्ये जेझेरो विवराच्या कडेवर पर्सिव्हरन्सला सेंट पॉल्स बे नावाचा दगड दिसला, त्यात शेकडो मिलीमीटरभर करडे गोळे, काही लांबट, काहींना सुईच्या टोकाएवढी भोकं. तीन जागा, तीन गोळे, एकच शब्द वापरला तर तिन्ही गोष्टींची वाट लागते. म्हणून वहीत "ब्लूबेरी" लिहू नका, "गोल, ३ मिलीमीटर, खडकभर विखुरलेले, थर पार जातात" असं लिहा. वर्णन टिकतं, नावं बदलतात.

गोळ्यांव्यतिरिक्त दोन गोष्टी कायम तपासायच्या. कण एकमेकांत जिगसॉसारखे गुंतलेत का, तर लाव्हा किंवा मॅग्मा थंड होऊन झालेला खडक, पर्सिव्हरन्सच्या सेइता भागात घासलेल्या चकतीत हिरवट ऑलिव्हिन खनिजाचे दोन-तीन मिलीमीटरचे स्फटिक असेच दाटीवाटीने बसलेले दिसतात. कणांच्या मधे फट आहे आणि ती कशाने तरी भरलीय का, तर गाळाचा खडक. आणि पांढऱ्या शिरा दिसल्या तर त्या थरांना कापून जातात की थरांसोबत जातात ते बघायचं, कापून जात असतील तर खडक आधी घट्ट झाला, मग फुटला, मग भेगेतून पाणी गेलं. घटनाक्रम असाच लागतो, कोण कुणाला कापतंय यावरून.

फोटो कुठे थांबतो हेही मान्य करायला शिका. जुलै २०२४ मध्ये चेयावा फॉल्स या दगडावर वॉटसनने काळ्या कडांचे मिलीमीटरभर पांढरट ठिपके टिपले, बिबट्याच्या अंगावर असतात तसे. फोटोने एवढंच केलं की नेम कुठे धरायचा ते दाखवलं, मग पर्सिव्हरन्सच्या पिक्सल (फोटोतला पिक्सेल नव्हे) या उपकरणाने कडांमध्ये लोह आणि फॉस्फेट दाखवलं, शरलॉकने सेंद्रिय संयुगं दाखवली. संभाव्य जैवखूण म्हणून त्याची चर्चा झाली ती या तिन्हींच्या जोरावर, आणि "संभाव्य" हा शब्द काढून टाकून ती बातमी पुढे पाठवणाऱ्यांना मी दर वेळी अडवतो, कारण जीवसृष्टीशिवायही असे ठिपके तयार होण्याचे रस्ते आहेत आणि नमुना अजून मंगळावरच आहे.

आता काही साधे सापळे, पटकन. फोटो फार मोठा केला की आठ गुणिले आठ पिक्सेलचे चौकोन दिसतात, ते फोटो जेपेग फाइलमध्ये दाबून ठेवल्यामुळे येतात, स्फटिक नव्हेत. प्रत्येक फोटोत एकाच जागी येणारा डाग लेन्सवरचा किंवा सेन्सरवरचा असतो, दगडावरचा नाही. अख्खा फोटो धुरकट असेल तर लेन्सचं झाकण बंद असतानाचा असू शकतो, माहलीचं झाकण पारदर्शक आहे. आणि दोन फोटोंमध्ये एखादा कण जागेवरून हलला तर वारा आहे, त्यात दुसरं काही शोधू नका.

हे सगळं नुसतं वाचून येत नाही, हाताने करायला लागतं, आणि त्यासाठी फोन पुरतो. क्लिप लावायचा मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम. आधी फूटपट्टीचा फोटो घ्या, फोन एखाद्या टेकूवर घट्ट बसवून, आणि १० मिलीमीटरमध्ये किती पिक्सेल येतात ते मोजा. समजा ८०० आले, तर एक पिक्सेल साडेबारा मायक्रॉनचा, कागदावर माहलीच्या तोडीचा. पण कागदावरच, कारण फोन आपल्या मनाने चित्र धारदार करतो, नसलेल्या कडा काढतो, म्हणून खरी हद्द तपासायला ओळखीच्या बारीक वस्तूचा फोटो घ्या, डोक्याचा एक केस फूटपट्टीवर ठेवून बघा, तो किती पिक्सेल भरतो आणि कडा खऱ्या वाटतात का. मग टेकू न हलवता दगड ठेवा. तीन अंतरांवरून घ्या, लांबून, मधून, जवळून, आणि प्रत्येक अंतराला फूटपट्टीचा फोटो पुन्हा. मग खोली अंधारी करून टॉर्च एका बाजूने अगदी तिरपा धरा, मग दुसऱ्या बाजूने, मग पातळ कागद मधे धरून मऊ उजेडात. तोच दगड तीन वेगळे दगड असल्यासारखा दिसेल. नंतर ब्रशने झाडून पुन्हा, आणि जमलं तर फोडून ताज्या बाजूचा, फोडताना चष्मा घालाच.

माझ्या वहीत प्रत्येक फोटोला एकच ओळ असते आणि क्रम कधी बदलत नाही: रुंदी किती, पिक्सेल किती मायक्रॉनचा, उजेड कुठून, पृष्ठभाग कुठल्या पायरीचा, मोठ्यात मोठा कण, लहानात लहान कण, ठेवण, आणि शेवटचा रकाना दगडाच्या नावाचा. निम्म्या ओळींमध्ये तो शेवटचा रकाना अजून रिकामाच आहे.